भिजत येणारा पाहुणा

जुलैचं पान उलटून कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं, की तो तिथं उभा असतोच. कधी रविवारच्या ओळीत, कधी गुरुवारच्या. जागा दरसाल बदलते, अवतार मात्र तोच. छत्री मिटलेली, पण टोकातून पाणी ठिबकतंय. धोतराच्या सोग्याला चिखल. काखेत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर. एक ऑगस्ट. कोरडा ठणठणीत असा मी त्याला फार थोड्या वेळा पाहिला. ज्या वर्षी तो तसा आला, त्या वर्षी घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आई भाकरीचं पीठ मापानं घ्यायची.

त्याच्या भावंडांचा थाट निराळा. दोन आठवड्यांनी येणारा पंधरा ऑगस्ट कडक इस्त्रीत येतो आणि जिलबी खाऊन जातो. एक मे सुट्टी घेऊनच येतो. एक जूनचं तर काय सांगावं! तो मुलखाचा उदार. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला मास्तरांनी जन्मतारीख विचारायची, बापानं ‘मोठ्या पावसात झाला बघा’ असं काहीतरी सांगायचं आणि मास्तरांनी टाक बुडवून एक जून लिहून टाकायचं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनला जन्मली होती, मीही त्यातलाच. एक ऑगस्टनं असं कुणाला काही वाटलं नाही. त्याला ना सुट्टी, ना गोडधोड. तो कामाचा माणूस.

काम कसलं, ते मला घरातच कळलं. वडील तलाठी होते. जग एक जानेवारीला नवं होतं, मराठी घर पाडव्याला, सरकारी तिजोरी एक एप्रिलला. जमिनीचं वर्ष मात्र एक ऑगस्टला उघडतं आणि एकतीस जुलैला मिटतं. महसुली वर्ष म्हणतात त्याला. यातला शहाणपणा मला फार उशिरा उमगला. खरिपाच्या पेरण्या उरकलेल्या असतात, कुठल्या रानात काय उगवून आलंय ते बांधावरून दिसतं. गेल्या सालचं देणंघेणं मिटवून नवी वही उघडायला याहून बरा मुहूर्त कुठला? मार्चअखेरचा ताळेबंद कागद पाहून ठरतो. हा पाऊस पाहून ठरलेला असावा, असं मला आपलं वाटतं.

एकतीस जुलैच्या रात्री वडील कंदिलाजवळ गाव नमुने पसरून बसत. नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात पिकलं काय. दोन्ही मिळून सातबारा, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. बेरीज जुळेपर्यंत आम्ही कुणी बोलायचं नाही, असा दंडक. मध्यरात्री केव्हातरी ते दप्तर बांधत आणि ‘झालं बाबा एकदाचं’ म्हणून तांब्याभर पाणी पीत. आता या दिवसाला महसूल दिन म्हणतात. तहसील कचेरीत मांडव पडतो, चांगलं काम केलेल्या तलाठ्याला, कोतवालाला शाल-श्रीफळ मिळतं. तलाठ्याचं नावही बदललंय, ग्राम महसूल अधिकारी झालंय. वडिलांच्या काळी शाल नव्हती. एक ऑगस्टला ते एकच चैन करीत. दुपारी झोपत.

त्याच सकाळी आमच्या शाळेत टिळकांचा फोटो टेबलावर येई. तगरीच्या फुलांचा हार, दोन उदबत्त्या, ओल्या सदऱ्यांचा वास, आणि पाठ केलेली भाषणं. दरेक भाषणात शेंगांची टरफलं असत. सात मुलं बोलली की सात वेळा वर्गात टरफलं पडत, सात वेळा मास्तर रागावत आणि सात वेळा टिळक ती उचलायला नकार देत. अकरापर्यंत कार्यक्रम आटोपला, की फोटो पुन्हा हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर.

दुपार कलली, की ओढ्यापलीकडून हलगी ऐकू यायची. आधी लांबून, पावसात भिजल्यासारखी, मग जवळ. पिवळे झेंडे, लेझीम, बैलगाडीवर एक तसबीर. तसबिरीतला माणूस टिळकांसारखा पगडी घातलेला नव्हता. अण्णाभाऊ साठे, असं मागच्या बाकावरच्या एका मुलानं सांगितलं, आणि तो स्वतः लेझीम घेऊन मिरवणुकीत निघून गेला. ती मुलं सकाळी आमच्याबरोबर टिळकांपुढं हात जोडून उभी असत आणि दुपारी तिकडं. आम्ही मात्र सकाळपुरतेच. मिरवणूक आमच्या आळीच्या तोंडावरून वळायची, आळीत शिरायची नाही. कुणी अडवत होतं असंही नाही. सगळ्यांना रस्ता ठाऊक होता, इतकंच. एक ऑगस्ट हा दिवस आमच्या आळीत जेवणाच्या सुट्टीत संपत असे. ओढ्यापलीकडं तो तेव्हा कुठं सुरू होई.

आणि शाळेत कुणीच सांगितलं नाही, की हे दोघं नुसते एका तारखेचे नव्हेत, एका सालाचेही आहेत. तारीख जुळणं निराळं. ३६५ चौकटींत सगळी दुनिया कोंबायची म्हटल्यावर कोण ना कोण कुणाच्या तरी शेजारी येणारच. पण १ ऑगस्ट १९२० हा एकच एक दिवस, एक रविवार, एकदाच उगवला आणि मावळला. त्यात टिळक गेले आणि अण्णाभाऊ आले. हे मला कॉलेजात कळलं, तेही ‘फकिरा’ वाचायला घेतल्यावर लेखकाचा परिचय चाळताना. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो.

त्या रविवारची सुरुवात मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात झाली. टिळक मुंबईत आले की तिथं उतरत. मध्यरात्र उलटून तासही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी प्राण सोडला. म्हणजे एक ऑगस्टनं उंबऱ्यात पाय ठेवला न ठेवला तोच त्याच्या हातात एवढं मोठं प्रेत आलं. सकाळपर्यंत रस्त्यात माणूस मावेना. नेहमीच्या स्मशानात एवढी माणसं सामावणं शक्य नव्हतं, म्हणून खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीच्या वाळूत चिता रचली. देह पद्मासनात बसवलेला. गांधींनी खांदा दिला, शौकत अलींनी दिला. वर पाऊस, समोर भरतीचा ऑगस्टातला समुद्र, आणि लाखांनी माणसं. चौपाटीवर आज टिळकांचा पुतळा आहे. त्याच्या आसपास भेळ खाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की इथं शहरानं एकदा समुद्रकिनाऱ्यालाच स्मशान केलं होतं?

त्याच दिवशी गांधींनी व्हाइसरॉयला पत्र धाडून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि बोअर व झुलू युद्धांतली पदकं परत केली. असहकाराची चळवळ ठरली होती त्याच तारखेला. ती सुरू झाली. एक खातं बंद झालं, दुसरं उघडलं. वडिलांना हा फेरफार फार आवडला असता.

आणि तिकडं वाटेगावात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आताच्या सांगलीच्या वाळवा तालुक्यात, मातंग वस्तीत एका झोपडीवजा घरात मूल जन्मलं. नाव तुकाराम. मुंबईतली बातमी त्या दिवशी वाटेगावापर्यंत पोचली असेल का, कोण जाणे. पोचली असली तरी आधी चावडीवर, मग वाड्यात. गावकुसाबाहेर ती शेवटी गेली असणार. आणि वाटेगावच्या बाळाची बातमी मुंबईला पोचायला तर दहा-बारा वर्षं लागली. ती चालतच गेली. बाप, आई, भावंडं असं कुटुंबच्या कुटुंब पायी मुंबईला निघालं. शाळेत दीड दिवस बसलेला, असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्यानं हमाली केली, गिरणीत काम केलं, पाट्या वाचत अक्षरं जमवली आणि पुढं तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून.

एक ऑगस्टच्या या दोन पाहुण्यांना एका पंगतीत बसवता आलं नसतं, हे मलाही कळतं. टिळकांचे समाजसुधारणेबद्दलचे विचार आणि अण्णाभाऊंची लेखणी यांचं गोत्र जुळत नाही. भाषणात लोक ओढूनताणून जुळवतात, तेव्हा मी पाय हलवत बसतो. पण दप्तर काखेत घेऊन हिंडणाऱ्या या कारकुंड्या दिवसाला काही नोंदी शेजारी शेजारी सापडलेल्या आहेत, त्या नाकारून कशा चालतील? १८९६च्या दुष्काळात टिळकांनी शेतकऱ्यांना सांगितलं, की दुष्काळाच्या कायद्यात सूट मागायचा तुमचा हक्क आहे. घरातलं किडूकमिडूक विकून सारा भरू नका. अण्णाभाऊंचा फकिरा दुष्काळात माणसं मरायला लागल्यावर धान्य लुटून वाटतो. एकानं सरकारी कायद्याचं पुस्तक हातात घेतलं, दुसऱ्याच्या नायकानं तलवार. दोघांचंही भांडण शेवटी सरकारी दप्तराशी. आणि महसूल खात्याचं वर्षही नेमकं यांच्याच तारखेला उघडावं! तलाठ्याच्या मुलाला हे जरा टोचतं. दुष्काळी वर्षात वडील साऱ्याचे तगादे लावून रात्री घरी येत आणि न जेवता झोपत, तेव्हा आई कुणावर चिडायची ते मला कधी नीट कळलं नाही.

या एका तारखेचे दोघेही जुलैच्या उत्तरार्धात घोटाळतात, तेही बघण्यासारखं आहे. टिळकांचा जन्म २३ जुलैचा. म्हणजे जयंती आधी आणि नवव्या दिवशी पुण्यतिथी. माणसाच्या आयुष्याला शोभेल असा क्रम. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ला गेले, वयाच्या ४९व्या वर्षात. त्यामुळे त्यांचा आधी स्मृतिदिन येतो आणि चौदा दिवसांनी जन्म. उलटा प्रवास. दरवर्षी मरून मग जन्मतात.

आणखी एक नोंद मला सापडली, ती एका विसर्जनाच्या मिरवणुकीत. सार्वजनिक गणपती १८९३ नंतर टिळकांनी रस्त्यावर आणला, वाढवला. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं तेव्हा सुरुवातीच्या गणातून गणपतीला रजा दिली आणि तिथं मायभूमी, शिवराय, कष्टकरी यांना वंदन आणलं. म्हणजे एकानं देवाला देवघरातून चौकात नेलं, दुसऱ्यानं त्याला फडावरून अदबीनं खाली उतरवलं. आणि त्या चौकातल्या गणपतीपुढं अंग न मोडता, हात हलके वर धरून, गुडघ्यात किंचित वाकत लोक जे नाचतात तो नाच कुणाचा? भगवानदादांचा. ‘अलबेला’, १९५१. त्यांचाही जन्म १ ऑगस्टचा, सन १९१३, अमरावतीचा. गिरणी कामगाराचा मुलगा, जुहूच्या बंगल्यापर्यंत जाऊन पुन्हा दादरच्या चाळीत आलेला. मिरवणुका चाळीखालून जात तेव्हा पोरं त्यांच्यासमोर त्यांचाच नाच करून पुढं सरकत असणार. हिशेब बघा: देव, देवाला नकार आणि देवापुढचा नाच, तिन्ही नोंदी एका चौकटीत. मीनाकुमारीचा वाढदिवसही हाच, पण तिला या गर्दीत ओढायला माझं मन घेत नाही. ती कोपऱ्यात निवांत बसलेली बरी.

परमुलखातही याची उठबस आहे. त्याच्या आडनावाचीच गोष्ट रोमची. इसवी सनापूर्वी ३० साली अलेक्झांड्रिया ऑक्टेव्हियनच्या हाती पडली ती याच दिवशी, असं मानतात. पुढं तो ऑगस्टस झाला आणि त्या विजयाची याद म्हणून महिन्याला त्याचं नाव मिळालं. म्हणजे महिन्याच्या पाटीवर जे नाव आहे ते मिळवलं या पहिल्या पोरानं, मिरवतात बाकीचे तीस. १७७४मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रिस्टलीनं भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या हवेत मेणबत्ती भडकून जळाली. प्राणवायू तो. आमच्याकडं एक ऑगस्टला ऊन एकवटायचं म्हटलं तर आधी ऊन शोधायला हवं. १८३४मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा याच तारखेपासून लागू झाला. त्यातून कंपनी सरकारच्या ताब्यातला हिंदुस्थान वगळलेला होता. ही शेवटची ओळ तो नेहमी बारीक अक्षरात दाखवतो.

आणि वॉर्सा. १९४४च्या १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता तिथल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. अजूनही दरवर्षी पाचाच्या ठोक्याला भोंगा होतो आणि ते शहर आहे तिथं थांबतं. ही गोष्ट फार लांबची वाटत होती. मग कोल्हापुरात एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी वळिवड्याची आठवण काढली. महायुद्धाच्या त्या वर्षांत वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या त्या पावसात, कौलाखाली बसून वॉर्साच्या बातमीची वाट बघणारी पोलिश आई. तिला माहीत नसणार, की पलीकडच्या वाळव्यातल्या एका पोरानं मुंबईत राहून आदल्याच वर्षी स्टालिनग्राडचा पोवाडा रचलाय.

मराठी घरात तारखेला दोन चाकं असतात. इंग्रजी चाक ठाम, तिथीचं चाक सरकतं. त्यामुळे एक ऑगस्टच्या कपाळावर दरसाल नवी तिथी. कधी आषाढ, कधी श्रावण, २०२३ साली तर अधिक श्रावणातली पौर्णिमा. २००८ साली तो आषाढी अमावास्येला आला. सकाळी आईनं पितळी दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले, कणकेचे गोड दिवे उकडले. घरातले काही पुरुष त्याच अमावास्येला दुसऱ्या नावानं ओळखतात आणि संध्याकाळची सोय आदल्या दिवशीच करून ठेवतात. त्यांची पंचाईत अशी झाली, की त्या दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण लागलं. दीप अमावास्या, ग्रहण, टिळक पुण्यतिथी, अण्णाभाऊ जयंती आणि महसुली वर्षाचा आरंभ. कशाचं पाळायचं आणि कशाचं सोडायचं, यावर आईचा निकाल साधा होता: दिवे मांडले आहेत ते उचलायचे नाहीत. ढगांत ग्रहण दिसलंच नाही.

कॅलेंडरातल्या त्या चौकटीत माझ्या लहानपणी एकच ओळ असल्याचं आठवतं. आता दोन असतात. सरकारी कचेऱ्यांत थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करण्याचं परिपत्रक दरसाल निघतं आणि शिपाई एकाच टेबलावर, एकाच पांढऱ्या कापडावर दोन्ही तसबिरी मांडतो. मी नोकरीत असताना हे काम वर्षानुवर्षं पाहिलं. अडचण व्हायची ती सूत्रसंचालकाची. एकाची पुण्यतिथी, एकाची जयंती. जिभेचा तोल सांभाळायचा कसा? एकदा एक उत्साही गृहस्थ ‘लोकमान्यांना पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा’ देऊन मोकळे झाले. सभागृहात कुणी हसलं नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. त्यानंतर आमच्या कचेरीनं ‘विनम्र अभिवादन’ हा शब्द पक्का केला. जन्माला चालतो, मरणाला चालतो. फलकही एकच छापून होतो. मला त्या शब्दाचा राग येतो, पण त्याला पर्यायही सुचलेला नाही.

एकदा मात्र याचा सगळा कारभार ठप्प झाला. २०२०. टिळकांना जाऊन शंभर वर्षं, अण्णाभाऊंना येऊन शंभर वर्षं. असा दिवस पुन्हा कुठून यायचा? त्यात तो शनिवार, आणि बकरी ईदही तेव्हाच. एरवी शहर दुमदुमून गेलं असतं. पण करोनाची टाळेबंदी होती. ईदगाह बंद, मिरवणूक बंद, सभा बंद. सकाळी खिडकीत उभा राहिलो, तर खालच्या रस्त्यावर नुसता पाऊस चालत होता. सगळ्या आळ्या आत आणि दिवस एकटाच बाहेर, छत्री घेऊन. शंभर वर्षांत पहिल्यांदा त्याला जायला कुठंच घर नव्हतं.

चारच्या सुमाराला मागच्या वस्तीतून हलगी ऐकू आली. मिरवणुकीची नव्हे, कुणीतरी घरातच बसून वाजवत होतं, थांबत थांबत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये अशा बेतानं. मी चहाचा कप घेऊन तिकडच्या खिडकीत गेलो. समोरच्या दोन खिडक्यांतही माणसं आली होती. कुणी कुणाशी बोललं नाही. जेमतेम दहा मिनिटं चाललं असेल.

संध्याकाळी शेजारच्या भाभी तोंडाला रुमाल बांधून दारात आल्या. खिरीला दूध कमी पडलं होतं, दुकानं बंद झाली होती. बायकोनं पातेलं भरून दिलं. मग हिशेब चुकू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या दोन ओळींच्या चौकटीत उरलेल्या बोटभर जागेत, तिनं पेन्सिलीनं लिहिलं: उद्या अर्धा लिटर जादा.